विस्तवात ग्लूटेन जळत नाही: सिलिॲक असलेल्या घरच्या माणसासाठी बार्बेक्यू

"वहिनी, अहो विस्तवावरच तर भाजलंय सगळं, त्यात काय राहणार?"

माझ्या दिरांनी हे अगदी मनापासून विचारलं होतं. माझी लेक तेव्हा दहा वर्षांची होती आणि सिलिॲकचं, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराचं, निदान होऊन जेमतेम आठ महिने झाले होते. गच्चीवर सिगडी पेटवली होती. तिचं पनीर मी वेगळं मुरवलं होतं, मसाले घरी कुटले होते, सळ्यासुद्धा नव्या आणल्या होत्या. चुकलं ते फक्त लोण्याच्या वाटीपाशी. वाटी एकच होती, ब्रश एकच होता. तो ब्रश पावांवरून फिरला, परत वाटीत बुडाला आणि मग तिच्या पनीरवरून फिरला. हे मी समोर उभी राहून पाहिलं आणि तरी माझ्या लक्षात आलं नाही. रात्री अकराला तिचं पोट दुखायला लागलं, मग उलट्या. तीन दिवस शाळा बुडली.

त्या दिवसापासून आमच्याकडे बार्बेक्यूची पद्धत बदलली. बंद मात्र केला नाही. ज्या मुलीला वाढदिवसाचा केक, शाळेतला वडापाव आणि लग्नातली पुरी सगळीकडे नाही म्हणावं लागतं, तिच्याकडून गच्चीवरची संध्याकाळही काढून घ्यायची, हे मला पटत नव्हतं. गेल्या काही वर्षांत जे जमलं ते इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी हे डोक्यात पक्कं बसू द्या

अग्नीने सगळं शुद्ध होतं, असं आपल्या मनात लहानपणापासून बसलेलं असतं. जंतूंच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. पण ग्लूटेन हा जंतू नाही. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य) यांमधलं ते प्रथिन आहे. दोनशे अंशांच्या वर तापलेल्या भट्टीतून पाव बाहेर येतो, तरी त्यात ग्लूटेन असतंच ना? मग सिगडीच्या जाळीला चिकटलेला पावाचा चुरा निखाऱ्यांवर 'निर्धोक' कसा होईल? घरातल्या शंकेखोर माणसांना मी हेच उदाहरण देते आणि ते लगेच पटतं.

दुसरा प्रश्न असतो, "एवढ्याशाने काय होतं?" ग्लूटेन-फ्री म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम ग्लूटेन चालतं. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची मर्यादा हीच आहे आणि आपल्या एफएसएसएआयची, म्हणजे भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचीही हीच. दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर बहुतेक सिलिॲक रुग्णांच्या आतड्याला इजा होत नाही, असं मानलं जातं. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण दोन ग्रॅम ग्लूटेन असतं. म्हणजे त्या स्लाइसचे दोनशे तुकडे केले, तर एका तुकड्यात दिवसाची मर्यादा संपली. लोण्याच्या ब्रशला त्याहून जास्त चुरा सहज लागतो.

शिवाय सिलिॲक ही ॲलर्जी नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणाच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. म्हणून ज्याला काहीच त्रास जाणवत नाही, त्याच्याही आतड्याचं नुकसान आतल्या आत होत राहतं. "मागच्या वेळी काही झालं नव्हतं" याला काही अर्थ नाही.

एक सिगडी की दोन?

माझं मत स्पष्ट आहे. सिगडीवर गहू येऊच देऊ नका. बार्बेक्यूत गहू लागतो कशाला? मांस, मासे, पनीर, भाज्या, मका, रताळी, यातल्या कशातच तो नाही. तो शिरतो पावातून, रव्यातून आणि बाटलीबंद सॉसमधून. ज्यांना पाव हवाच आहे त्यांनी तो खाली स्वयंपाकघरात तव्यावर भाजून घ्यावा आणि आपल्या ताटात खावा. आमच्याकडे पहिल्या वेळी थोडी कुरकुर झाली, दुसऱ्या वेळी कोणी पाव मागितलाही नाही.

सिगडी दुसऱ्याची असेल किंवा सोसायटीची सामायिक असेल, तर जाळी आपली न्या. साधी स्टीलची जाळी फार महाग नसते. तेही शक्य नसेल तर जाडसर ॲल्युमिनियम फॉइलचे दोन थर जाळीवर पसरून त्यावर भाजा. फॉइल फाटलं की बदलायचं. बिडाची जुनी जाळी मात्र कितीही घासली तरी तिच्यावर माझा भरवसा नाही. तिच्या खरखरीत अंगात वर्षानुवर्षांचं जळकं बसलेलं असतं. कापलेला कांदा जाळीवर घासायची पद्धत चांगली आहे, जाळीला पदार्थ चिकटत नाही. पण त्याने ग्लूटेन निघत नाही.

खरेदीची सुरुवात हिंगापासून

आपल्या स्वयंपाकघरातला सगळ्यात लपलेला गहू हिंगाच्या डबीत असतो. शुद्ध हिंग फार उग्र असतो, म्हणून बाजारातल्या पावडरीत तो पिठात आणि खाद्य गोंदात मिसळलेला असतो. ते पीठ बहुतेक वेळा गव्हाचं. डबी उलटी करून घटक वाचा. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगही मिळतो, तो घ्या. खडा दिसतो म्हणून शुद्ध असेलच असं नाही, खडेही पीठ घालून बांधलेले असतात.

एकदा हिंग लक्षात आला की पुढची साखळी दिसायला लागते. गोडा मसाला, डंकावरून कुटून आणलेला घरचा मसाला, तयार तंदुरी मसाला, उडदाचे पापड, शेव, मसाला ताक या सगळ्यांत हिंग असू शकतो. मेतकुटात तर गहू पडतोच, आणि थालीपिठाच्या भाजणीतही बहुतेक घरी असतो. बार्बेक्यूसाठी मी तयार मसाला आणतच नाही. अख्खे धणे, जिरे, मिरे, लवंगा, दालचिनी आणि सुक्या मिरच्या आणून निवडते, भाजते आणि मिक्सरमध्ये वाटते. वेळ जास्त लागत नाही आणि शंका राहत नाही.

सॉसची रांग वेगळी तपासायची. नेहमीचा सोया सॉस सोयाबीन आणि गहू आंबवून करतात, म्हणून तो बाद. तमारी नावाचा प्रकार बहुधा गव्हाशिवाय असतो, तरी बाटली वाचूनच घ्या. तयार बार्बेक्यू सॉसमध्ये सोया सॉस, माल्ट व्हिनेगर किंवा घट्टपणासाठी पीठ असू शकतं. माल्ट म्हणजे जव. साधं पांढरं व्हिनेगर चालतं, गोव्याचं माडाच्या ताडीचं व्हिनेगर तर उत्तमच. बिअर जवाची असते, तेव्हा कोंबडीवर बिअर शिंपडण्याचा उत्साह कोणी दाखवला तर वेळीच अडवा. तयार सॉसेज, कबाब आणि पॅटिसांत बांधणीसाठी ब्रेडचा चुरा असू शकतो. गोव्याच्या पारंपरिक 'चोरीस' सॉसेजमध्ये डुकराचं मांस, मिरची, लसूण, मसाले आणि व्हिनेगर एवढंच असतं, पण विकत आणताना करणाऱ्याला एकदा विचाराच.

पाकिटावर काय पाहायचं? भारतात पाकिटबंद पदार्थात गहू, जव, राय, ओट्स यांसारखं ग्लूटेनचं धान्य असेल तर ते ॲलर्जीच्या सूचनेत लिहावं लागतं. ती ओळ आधी शोधा, मग घटकांची यादी वाचा. 'गव्हापासून मुक्त' आणि 'ग्लूटेनपासून मुक्त' यांत फरक आहे, कारण पहिल्यात जव असू शकतो.

पिठाची गोष्ट

ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरी, राजगिरा या कशातच ग्लूटेन नाही. आपलं भाग्य की हे सगळं आपल्या घरात आधीपासून आहे. पण ज्वारी गिरणीत नेली आणि आधी कोणाचे गहू दळले गेले असतील, तर आपल्या पिठात सुरुवातीला तेच उतरतं. गिरणीवाल्याला "आधी तांदूळ टाकून जातं धुवा" म्हटल्याने थोडं कमी होतं, पुरतं जात नाही. आम्ही शेवटी घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू कधीच पडणार नाही असं ठरवलं. ती परवडत नसेल तर तांदूळ आणि हरभऱ्याची डाळ मिक्सरमध्ये दळता येते. दळण्याआधी धान्य ताटात पसरून निवडा. ज्वारीत गव्हाचे दाणे हटकून सापडतात, मला एकदा वाटीभर ज्वारीत सात सापडले होते.

अवजारं

लाकूड आणि बांबू पाणी शोषतात, तसा गव्हाच्या पिठाचा अंशही धरून ठेवतात. म्हणून चॉपिंग बोर्ड, पोळपाट, लाकडी चमचे आणि ब्रश वेगळे हवेत. बांबूच्या काड्या नव्या घ्या आणि अर्धा तास पाण्यात भिजवा, म्हणजे जळत नाहीत. स्टीलच्या सळ्या, चिमटे आणि पातेली साबणाने नीट घासली की चालतात.

आम्ही तिच्या प्रत्येक वस्तूला लाल सुतळी बांधली आहे. चिमटा, ब्रश, सुरी, लोण्याची वाटी. लेबलं धुताना निघून जातात, सुतळी राहते, आणि अंधाऱ्या गच्चीवर हातालाही कळते. लोणी, चटणी आणि लिंबू-मिठाची वाटी तिची वेगळी. एका वाटीत दोन हात गेले की ती वाटी तिच्यासाठी संपली, हा नियम आता लहान पोरांनाही पाठ आहे.

कोळसा आणि निखारे

लाकडी कोळसा घ्या. दाबून केलेल्या तयार गोळ्यांत बांधणीसाठी स्टार्च घालतात. तो बहुधा मक्याचा असतो, कधी गव्हाचाही, आणि पाकिटावर ते लिहिलेलं असेलच असं नाही.

सिगडी उघड्यावरच पेटवा. बंद बाल्कनीत किंवा खोलीत कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो, हे ग्लूटेनइतकंच गंभीरपणे घ्या. कोळशावर राखेचा पांढरट थर चढेपर्यंत, म्हणजे साधारण अर्धा तास, थांबा. मग दोन तृतीयांश निखारे एका बाजूला ओढा. जाड निखाऱ्यांवर पदार्थाला रंग द्यायचा आणि मग विरळ बाजूला सरकवून आतपर्यंत शिजवायचा. जाळीच्या वर वीतभर अंतरावर तळहात धरून पाहा. तीन-चार सेकंदांत हात मागे घ्यावासा वाटला तर आच बरोबर आहे.

मुरवण

चिकन टिक्क्यासाठी एक किलो बिनहाडाचं चिकन, मांडीचं असेल तर रसरशीत राहतं. त्याला आधी दीड चमचा मीठ, एका लिंबाचा रस आणि दोन चमचे काश्मिरी मिरचीपूड चोळून वीस मिनिटं ठेवा. पाव किलो दही फडक्यात बांधून तासभर टांगा. त्या चक्क्यात दोन मोठे चमचे आलं-लसणाचं वाटण, एकेक चमचा धणे-जिऱ्याची भाजलेली पूड, अर्धा चमचा हळद, अर्धा चमचा मिरे-लवंग-दालचिनीची पूड आणि तीन चमचे शेंगदाण्याचं तेल घाला. मसाला चिकनला धरून राहावा म्हणून हॉटेलात बेसन घालतात आणि बाजारच्या बेसनात कुठलं पीठ मिसळलंय ते कळत नाही. घरी दळलेलं डाळीचं पीठ दोन चमचे मंद आचेवर खमंग भाजून घाला. चार तास तरी फ्रीजमध्ये राहू द्या.

मासे करताना आपला हात आपोआप रव्याकडे जातो. रवा म्हणजे गहूच. सिगडीवर त्याची गरजही नसते. मी बांगड्यांत रेशाद मसाला भरते. दहा काश्मिरी मिरच्या ताडीच्या व्हिनेगरमध्ये भिजवून त्यात आठ लसणाच्या पाकळ्या, चमचाभर जिरे, दहा मिरे, चार लवंगा, दालचिनीचा तुकडा, थोडी हळद, चिंच, मीठ आणि चिमूटभर साखर घालून घट्ट वाटायचं. चार बांगड्यांना दोन्ही बाजूंनी चिरा देऊन मसाला भरायचा, तेल लावलेल्या केळीच्या पानात गुंडाळायचं आणि मध्यम आचेवर एकेका बाजूने सहा-सात मिनिटं ठेवायचं. पान करपलं की आतला मासा तयार झालेला असतो. तव्यावर कुरकुरीत हवा असेल तर तांदळाचं पीठ लावा.

पनीरला कोथिंबीर, पुदिना, हिरवी मिरची, आलं आणि लिंबाची घट्ट चटणी चोळली की झालं. मक्याची कणसं, रताळी, वांगी आणि अख्खे कांदे यांना तर काहीच करावं लागत नाही.

भाजण्याच्या दिवशी

आधी ओटा पुसा. कणीक मळलेल्या ओट्यावर मुरवणाचं पातेलं ठेवू नका, आणि पुसायला फडकंही धुतलेलं घ्या. त्या दिवशी पोळ्या करायच्याच असतील तर सकाळीच उरका, कारण कोरडं पीठ हवेत उडतं आणि हळूहळू सगळीकडे बसतं.

सिगडीपाशी एकच माणूस प्रमुख असावा. चार जण चार चिमटे घेऊन उभे राहिले की घोळ होतोच. आमच्याकडे आता दीरच तो प्रमुख आहेत. कोणी पाव हातात घेऊन जवळ आलं तर ते आधी हात धुवायला पाठवतात.

गहू सिगडीवर येणारच असेल, तर पहिली फेरी सिलिॲकवाल्याची. स्वच्छ जाळीवर तिचं सगळं भाजून, झाकून बाजूला काढायचं आणि मगच बाकीचं. तिला पुन्हा हवं असेल म्हणून थोडं जास्तच भाजून ठेवा, कारण पावानंतर तिला त्या जाळीवर परत यायचं नाही. चिकनचा सगळ्यात जाड तुकडा आतून ७४ अंश सेल्सिअस झाला पाहिजे. थर्मामीटर नसेल तर कापून पाहा, आत गुलाबी दिसायला नको. कच्चं चिकन ठेवलेल्या ताटात भाजलेलं परत ठेवायचं नाही, हे सगळ्यांसाठीच.

वाढताना तिला आधी वाढा. सामायिक ताटातून शेवटी उरलेलं तिला द्यायचं नाही, त्यात पावाचा चुरा पडलेला असतो.

पावाऐवजी भाकरी

ग्लूटेन-फ्री पाव मिळतात, महाग असतात आणि मला चवीला आवडत नाहीत. त्याऐवजी तांदळाच्या उकडीची किंवा ज्वारीची भाकरी तव्यावर अर्धी भाजून घ्या आणि दुसरी बाजू सरळ निखाऱ्यांच्या जाळीवर टाका. टम्म फुगते, वर काळे ठिपके पडतात आणि धुराचा वास लागतो. त्यात टिक्का, कांदा, चटणी घालून गुंडाळी केली की पाहुण्यांची मुलंही तीच मागतात. भाकरीचा तवा आणि परात मात्र तिची वेगळी हवी.

हुरडा आणि पोपटी

बार्बेक्यू हा शब्द आपल्याकडे यायच्या आधीपासून आपण शेतात भाजून खात आलो आहोत. थंडीत हुरड्याला गेलात तर ज्वारीचा हुरडा सिलिॲकला चालतो. मात्र त्याच आगटीत गव्हाच्या ओंब्याही भाजतात आणि त्याच पोत्यावर, त्याच तळहातांनी चोळतात. शेतमालकाला आधीच सांगून पहिली आगटी, स्वच्छ पोतं आणि धुतलेले हात मागून घ्या. शेंगदाण्याची चटणी, दही आणि गूळ घरून न्या. शेव टाळा.

पोपटी त्याहून सोपी. रायगडात अलिबागच्या बाजूला थंडीत मडक्यात तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालतात, वर ओवा-मीठ लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी आणि केळीच्या पानात गुंडाळलेलं मुरवलेलं चिकन. तोंड पाल्याने गच्च बंद करून मडकं उपडं ठेवतात आणि भोवती जाळ करतात. तेल नाही, पाणी नाही, पीठ तर नाहीच. चिकनचा मसाला फक्त आपला न्यायचा. आमच्या लेकीला हा एक पदार्थ असा सापडला, की ज्यात ती सगळ्यांबरोबर एकाच पानावरच्या ढिगात हात घालते.

दुसऱ्याच्या घरी

दोन दिवस आधी फोन करा, आयत्या वेळी नाही. "काही वेगळं करू नका, तिचं मी आणते, फक्त सिगडीवर पहिली दहा मिनिटं आणि थोडी जागा द्या" एवढं सांगितलं की समोरच्याला ओझं वाटत नाही. तिचे पदार्थ फॉइलच्या पुड्यांत बांधून नेते, म्हणजे ते कुठल्याही जाळीवर बंदच भाजता येतात. पुडी उघडायची थेट तिच्या ताटात. सोबत आमचा चिमटा, वाटी आणि चार भाकऱ्या असतातच.

चुकून पोटात गेलंच तर त्यावर उतारा नाही. पाणी, ओआरएस आणि विश्रांती द्या. उलट्या थांबत नसतील किंवा मूल मलूल झालं तर लगेच डॉक्टरकडे न्या. नेमकं कशातून गेलं ते त्याच रात्री लिहून ठेवा, पुढच्या रक्ततपासणीच्या वेळी डॉक्टरांना ते उपयोगी पडतं. आणि घरात एकाला सिलिॲक असेल तर आई-वडील आणि भावंडांचीही तपासणी करून घ्या, कारण जवळच्या रक्ताच्या नात्यात साधारण दहात एकाला तो निघतो. तपासणी होईपर्यंत मात्र त्यांचा गहू बंद करायचा नाही, नाहीतर तपासणीत काही दिसत नाही. आमच्याकडे धाकट्याची तपासणी झाली, त्याला नाही निघाला. तरी गच्चीवर तोही आता भाकरीच मागतो.